दाखवतात एक, विकतात दुसरीच: कॉन्सेप्ट कारबद्दल एका क्ले मॉडेलरचं उत्तर

प्रश्न जळगावच्या एका इंजिनीअरिंगच्या पोराचा आहे. तो म्हणतो, ऑटो शोमध्ये कंपनी एक भन्नाट गाडी ठेवते, कॉन्सेप्ट कार म्हणतात तिला, ही एवढाली चाकं, आरसे नाहीत, दाराला हँडल नाही, अख्खं छप्पर काचेचं, आणि वर्ष-दोन वर्षांनी शोरूमला जी येते ती बघून वाटतं की हॉटेलच्या मेनूतला फोटो एक आणि ताटात आलेलं दुसरंच. ही फसवणूक नाही का? आणि जी विकायचीच नाही त्या गाडीवर एवढा पैसा का जाळतात?

भाऊ, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. गाव पारोळा. बावीस वर्षं पिंपरी-चिंचवडला स्टुडिओत क्ले मॉडेलर म्हणून काढली, म्हणजे डिझायनर कागदावर नाहीतर स्क्रीनवर जे काढतो ते मातीत खऱ्या मापाचं उभं करून द्यायचं, आता दोन वर्षं झाली जळगावात आहे आणि एखादं प्रोजेक्ट आलं की महिनाभर जाऊन येतो. त्यामुळे मार्केटिंगवाल्यांची भाषा मला येत नाही, माझं जे आहे ते हाताला लागलेलं आहे.

फसवणूक असते का? कधी कधी असते, त्यावर शेवटी येतो. पण तुझी खरी गडबड अशी झालीय की तू प्रत्येक कॉन्सेप्टला कंपनीने दिलेला शब्द समजतोयस, आणि शब्द मोडला म्हणून चिडतोयस. बहुतेक वेळा तो शब्द नसतोच, कंपनीने विचारलेला प्रश्न असतो. कधी तुला विचारलेला, कधी स्वतःच्याच इंजिनीअरांना, आणि कधी उत्तर आधीच खिशात ठेवून उगाच विचारल्यासारखं केलेलं.

सारंगखेड्याच्या यात्रेला गेलायस ना कधी? दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो तिथे एखादा पांढराशुभ्र घोडा असा सजवून उभा केलेला असतो की लोकांची रीघ लागते, किंमत लाखांत सांगतात आणि वर मालक म्हणतो विकायचाच नाहीये. मग आणला कशाला भो? तर त्याच्या बाजूला जी शिंगरं बांधलेली असतात ती विकायची असतात. आणि दुसरं, मालक दिवसभर खाटेवर बसून बघत असतो की गर्दी कुठे थांबते, कोण कान बघतो, कोण पाय बघतो, कोण चालवून दाखव म्हणतो. पुढच्या वर्षी कोणत्या रक्ताची पैदास करायची ते तिथे निम्मं ठरून जातं. शोमधल्या स्टँडवर कोपऱ्यात गळ्यात पट्टा घालून गुपचूप उभे असतात ना चार-पाच जण, ते आमचे डिझायनर असतात आणि तेच करत असतात, गाडीकडे न बघता लोकांकडे बघतात.

आता हा प्रकार सुरू कुठून झाला ते बघ, कारण त्यात सगळं येतं. हार्ली अर्ल नावाचा माणूस, अमेरिकेचा, बाप घोडागाड्यांच्या आणि पुढे मोटारींच्या बॉड्या बनवायचा लॉस एंजेलिसला, पोरगा सिनेमावाल्यांच्या गाड्या सजवून द्यायचा. त्याला जनरल मोटर्सने उचललं, 1927 साली ला सॅल गाडी त्याने केली आणि त्याच वर्षी कंपनीत डिझाइनचा वेगळा विभाग त्याच्या हाताखाली उघडला. तोपर्यंत गाडीचा आकार म्हणजे इंजिनीअरांनी सांगाडा केला की वरून झाकण घालायचं एवढंच बऱ्याच ठिकाणी चालायचं. या माणसाने क्लेमध्ये आकार काढायची पद्धत रुजवली, आमची पोटापाण्याची सोय त्यानेच केली म्हण. आणि 1938 साली त्याने ब्यूक वाय-जॉब केली, तिलाच साधारणपणे जगातली पहिली कॉन्सेप्ट कार म्हणतात. लपणारे हेडलाइट, विजेवर चालणाऱ्या काचा, बॉडीत बुडालेली दाराची हँडलं. 1938! आज एखाद्या इलेक्ट्रिक गाडीचं हँडल आत बसलेलं असलं की आपण फोनवर व्हिडिओ काढतो. ती गाडी विकायला कधीच काढली नाही, अर्ल साहेब स्वतः मात्र वर्षानुवर्षं तीच घेऊन गावभर फिरायचा आणि लोक वळून बघतात का ते बघायचा. पुढे युद्धानंतर जनरल मोटर्सने मोटोरामा नावाचे शो काढले, गावोगाव सर्कस फिरावी तसे, आणि 1953 च्या जानेवारीत तिथे ठेवलेली कॉर्व्हेट लोकांनी अशी उचलून धरली की त्याच वर्षी जूनमध्ये ती बनायलाही लागली, पहिल्या वर्षी फक्त 300. प्रश्न विचारला, उत्तर आलं, गाडी काढली. इतकं सरळ नंतर फार कमी वेळा झालं.

आता क्लेचं सांगतो, कारण पैसा कुठे जातो हे तिथे कळतं.

आमचे नाना पारोळ्याला हायवेवर डेंटिंगचं काम करायचे. सुरत-नागपूर रोडच्या गाड्या, ठोकलेले ट्रक, जीपा, ॲम्बॅसेडर. दुकानात एक लांब ट्यूबलाइट आडवी टांगलेली असायची, आणि पत्रा ठोकून, लांबी म्हणजे पुट्टी मारून, घासून झाला की नाना त्याला ओलं फडकं मारायचे आणि खाली उकिडवे बसून ट्यूबची रेघ बघायचे. रेघ दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थरथरता गेली तर काम झालं. मध्ये कुठे ती सापासारखी वळली तर परत हातोडी. हाताला काही लागत नाही, डोळ्याला नुसता पत्रा बघून दिसत नाही, पण रेघ चुगली करते. मला हे बघून बघून इतकं अंगवळणी पडलेलं की पहिल्यांदा स्टुडिओत गेलो आणि वर ओळीने लावलेले दिवे दिसले तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. कोट्यवधीचा स्टुडिओ आणि नानांचं दुकान, बघायची पद्धत एकच.

काम असं चालतं. खाली लोखंडी सांगाडा, त्याला बक म्हणतात, त्यावर फोम, आणि त्यावर तीन-चार सेंटिमीटर क्ले. हा क्ले म्हणजे शेतातली माती नाही, मेण-तेल-पावडर असलेली तपकिरी कांडी असते, साठेक डिग्रीच्या ओव्हनमध्ये मऊ करायची, गरम असतानाच अंगठ्याने दाबून थापायची आणि गार झाली की साबणाच्या वडीसारखी घट्ट होते. मग दातेरी रेकने ओरबाडायचं, मग पोलादी पट्टीच्या स्लिकने गुळगुळीत करायचं. हल्ली मोठा आकार मशीनच कोरून देतं, डेटा कंप्युटरवरून येतो, तरी शेवटचा अर्धा मिलिमीटर हाताचाच. त्यावर चंदेरी फिल्म ताणून चिकटवली की पेंट मारल्यासारखं दिसतं आणि मग रेघ बघायची, डिझायनर म्हणतो खांद्याची लाइन मागच्या दारावर जरा मेलीय, आपण दोन मिलिमीटर माती भरायची, परत घासायचं, परत बघायचं. असे आठवडे जातात. एकाच मॉडेलवर डावीकडे एका डिझायनरची गाडी आणि उजवीकडे दुसऱ्याची असंही करतात, मग साहेब लोक येऊन मधे उभे राहतात आणि दोन्हीकडे बघतात, आणि त्या अर्ध्या तासात दोघांपैकी एका पोराची सहा महिन्यांची मेहनत खरवडून परत ओव्हनमध्ये जाते. त्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

(एकदा मे महिन्यात घरी येताना भाच्याला दाखवायला म्हणून क्लेच्या चार कांड्या आणल्या, गाडी अजिंठा चौफुलीजवळ उन्हात लावली, डॅशबोर्डवर विसरलो. परत आलो तर चारही कांड्या एकमेकींत बसून भाकरीच्या पिठाचा गोळा झालेला आणि थोडा एसीच्या जाळीत. स्टुडिओत खोली कायम गार का ठेवतात ते भाच्याला वेगळं सांगावं लागलं नाही.)

शोमधली गाडी मात्र क्लेची नसते. क्ले झाला की त्याचं स्कॅन, त्यावरून फायबरची नाहीतर मशीनवर कोरलेली बॉडी, खाली कुठल्यातरी चालू गाडीचा प्लॅटफॉर्म, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, किंवा नुसताच लोखंडी ढाचा, एक छोटी मोटर जेणेकरून स्टेजवर स्वतःहून दहा पावलं येईल. काचा काळ्या असल्या तर समजून जा की आत काही नाही. टायरची नक्षीसुद्धा कित्येकदा हाताने कोरलेली असते. सगळं एकच नग, आणि एकच नग म्हणजे प्रत्येक स्क्रू महाग.

एका कंपनीसाठी, नाव नाही सांगणार, आम्ही अशीच एक केली होती. शोच्या आदल्या रात्री दोन वाजता स्टेजवर चढवली आणि उघडायचं ते दार उघडेना. बटण दाबलं की आतून नुसता घर्रर्र आवाज. ते दार वर पंखासारखं उघडणार होतं, त्याचा फोटो सकाळच्या बातमीसाठी आधीच देऊन झालेला. आम्ही सहा जण, कुणी झोपलेलं नाही, शेवटी कळलं की दाराच्या वरच्या बाजूला पेंटचा एक जास्तीचा थर बसल्यामुळे दार चौकटीत अडकतंय, जेमतेम कागदाएवढं. रात्री पॉलिश पेपर मारून तो थर काढला आणि सकाळी दहाला साहेबांनी बटण दाबलं, दार उघडलं, टाळ्या. कुणाला काही कळलं नाही. पण त्याच दाराने आमच्या इंजिनीअरांना पक्कं सांगून टाकलं की हे प्रकरण पाऊस, धूळ आणि रोजची आदळआपट सहन करणारं नाही, आणि विकायच्या गाडीला साधी दारं आली. तुझ्यासारख्या कुणीतरी तेव्हाही म्हटलंच असेल की बघा फसवलं.

बरं, आता काय काय गळतं आणि का गळतं. चाकं सगळ्यात आधी. गाडी देखणी दिसण्यात निम्मा वाटा चाकाचा बॉडीशी असलेल्या प्रमाणाचा असतो, म्हणून स्केचमध्ये चाक नेहमी मोठं, कॉन्सेप्टला 22 इंची, आणि खऱ्या गाडीत टायरची किंमत, खड्डा लागल्यावर रिमचं काय होणार, चाक वळताना आणि खालीवर होताना आत जागा किती लागणार हे सगळं आलं की 17 वर येतं. चाक खाली आलं की त्याच बॉडीचा पत्रा एकदम उंच आणि जाड वाटायला लागतो. तू म्हणतोस ना "काहीतरी बिनसलंय पण कळत नाही काय", ते हेच असतं. मग आरसे, कॉन्सेप्टला कॅमेऱ्याची काडी असते, रस्त्यावरच्या गाडीला चांगला तळहाताएवढा आरसा लागतो. हेडलाइटला उंचीचा नियम आहे, डिपरचा दिवा साधारण 500 ते 1200 मिलिमीटरच्या पट्ट्यातच हवा, मनाला येईल तिथे नाही. बॉनेट पातळ ठेवता येत नाही कारण पायी चालणारा माणूस धडकला तर त्याचं डोकं पत्र्यावर आपटताना पत्रा दबायला खाली जागा पाहिजे, लगेच इंजिन लागायला नको. मधला खांब कॉन्सेप्टमध्ये नसतोच, दोन्ही दारं कपाटासारखी उघडतात, पण बाजूने धडक बसली तर तोच खांब तुला वाचवतो. आणि सगळ्यात बारीक गोष्ट म्हणजे घड्या. फायबरला ब्लेडसारखी धार काढता येते, पण दाराचा पोलादी पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो प्रेसमध्ये डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, खेचला जातो, धार जास्त तीक्ष्ण केली किंवा खोल खेचली तर फाटतो, आणि सोडला की थोडा परत उसळतो. म्हणून धारेला गोलाई द्यावी लागते. आमच्या नजरेला ती गोलाई फार खुपते, तुला नुसतं वाटतं की गाडी जरा झोपल्यासारखी दिसतेय.

आता युक्ती सांगतो, ही लक्षात ठेव. कॉन्सेप्टची तारीख आणि गाडीची तारीख यांच्यात किती अंतर आहे ते बघ. ज्या डायांवर पत्रा दाबतात त्या टनावारी वजनाच्या, बनायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, त्या आधी आकार गोठवावा लागतो, त्यानंतर तू शोमध्ये कितीही नाक मुरड काही बदलत नाही. टाटाची एच5एक्स फेब्रुवारी 2018 च्या ऑटो एक्स्पोत आली आणि हॅरियर जानेवारी 2019 ला विक्रीला. अकरा महिने. म्हणजे लोक शोमध्ये "अशी बनवा" म्हणत होते तेव्हा खरी गाडी ठरूनच गेलेली होती, कॉन्सेप्ट तिच्यावरूनच उलटी फुगवून काढलेली, मोठी चाकं, बारीक आरसे, जरा मेकअप. वर बारीक दिव्याची पट्टी आणि मुख्य हेडलाइट खाली बंपरमध्ये ही गोष्ट दोन्हीत तशीच आहे बघ, कारण ती मुळात खऱ्या गाडीचीच होती. अशा कॉन्सेप्टचं काम प्रश्न विचारणं नसतंच, तुझा डोळा तयार करणं असतं. नवीन चेहरा पहिल्यांदा खटकतो, वर्षभर फोटो बघून बघून सवय होते, मग शोरूमला खटकत नाही. उलट नेक्सॉन, ती कॉन्सेप्ट 2014 ला आली आणि गाडी सप्टेंबर 2017 ला. साडेतीन वर्षं. तिथे खरंच विचारणं चालू होतं की चार मीटरच्या आतल्या उंच गाडीला कूपेसारखं, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीसारखं, मागे उतरतं छप्पर आपले लोक घेतील का. घेतलं लोकांनी. आणि महिंद्राची बीई.05, ती 15 ऑगस्ट 2022 ला दाखवली, बीई 6ई म्हणून नोव्हेंबर 2024 ला आली, लगेच नाव बीई 6 झालं, चाकणला बनते, आकार बराचसा तसाच राहिलाय आणि 19-20 इंची चाकंसुद्धा मिळतात. इलेक्ट्रिक असल्याने पुढे इंजिनाचा डोंगर नाही, चाकं टोकांना ढकलता येतात, म्हणून हल्लीच्या इलेक्ट्रिक गाड्या कॉन्सेप्टच्या जास्त जवळ पोचतात. यात डिझायनरची हुशारी आहेच, पण निम्मं श्रेय बॅटरी खाली झोपवता येते त्याला.

बाहेरच्या दोन-तीन सांगतो, मला आवडणाऱ्या. ऑडी टीटी, 1995 ला फ्रँकफर्टला कॉन्सेप्ट, 1998 ला गाडी. जवळजवळ जशीच्या तशी काढली, दारामागे एक छोटी खिडकी वाढवली एवढाच ठळक फरक, सगळे म्हणाले बघा, हिंमत असली की होतं. आणि मग जर्मनीतल्या मोकळ्या रस्त्यांवर फार वेगात मागचा भाग हलका पडून अपघात झाले, तो सुंदर गोल पार्श्वभाग हवेला नीट सोडत नव्हता, शेवटी कंपनीला मागे स्पॉयलरची पट्टी बसवावी लागली आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टिम द्यावी लागली. म्हणजे कॉन्सेप्ट जशीच्या तशी विकली की ग्राहकाचं भलंच होतं असंही नाही.

याच्या उलट पाँटिॲक अ‍ॅझटेक. 1999 ची कॉन्सेप्ट बरी होती, लोकांनी मान डोलावली, पण पैसे वाचवायला गाडी बसवली मिनीव्हॅनच्या प्लॅटफॉर्मवर, त्यामुळे बॉडी उंच आणि अरुंद झाली आणि आज कुरूप गाड्यांच्या यादीत ती पहिल्या पाचात असते. डिझाइन कुठे बिघडतं ते बघायचं तर तिची कॉन्सेप्ट आणि तिची विकायची गाडी या दोघींचे फोटो शेजारी ठेव, दिवे-जाळीवर जाऊ नको, नुसती चाकं आणि उंची बघ.

आणि एक जात अशी आहे जिला विकायचं मनातसुद्धा नसतं. 1970 ची लॅन्सिया स्ट्रॅटॉस झीरो, बर्टोने या इटलीतल्या डिझाइन कंपनीत मार्चेल्लो गांदिनीने केलेली, उंची 84 सेंटिमीटर. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडीशीच जास्त! आत जायचं तर पुढची काच उचलायची. सांगतात की कंपनीचे मालक बर्टोने साहेब ती चालवत लॅन्सियाच्या गेटवर गेले आणि अडसर न उचलताच खालून निघून गेले. त्या भेटीतून पुढे जी स्ट्रॅटॉस झाली तिने मोटार रॅलीच्या शर्यतींत राज्य केलं. किंवा बीएमडब्ल्यूची जीना, 2008 ला दाखवली, तेव्हाचा त्यांचा डिझाइनप्रमुख क्रिस बँगल याच्या टीमची, पत्र्याच्या जागी तारांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड. दार उघडलं की कोपराला शर्टला पडतात तशा चुण्या पडायच्या. मूर्खपणा वाटतो ना? पण विचार कर, आम्ही बावीस वर्षं धरून बसलेलो की गाडीची कातडी म्हणजे पत्रा, आणि कुणीतरी विचारलं "का पण?" हा प्रश्न तुला-मला नव्हताच, तो त्यांच्याच इमारतीतल्या लोकांना होता.

पोर्शेचं मात्र वेगळं, 1993 ला डेट्रॉइटला बॉक्स्टरची कॉन्सेप्ट ठेवली तेव्हा कंपनीच अडचणीत होती, विक्री आटलेली. लोक वेडे झाले आणि 1996 ला गाडी आली, पैसे वाचवायला पुढचा भाग त्यांच्याच नव्या 911 गाडीसोबत वाटून घेतला, त्यावर पोर्शेचे चाहते अजून कुरकुरतात. पण त्या गाडीने कंपनीला हात दिला. आता सांग, त्या एका नगाचा खर्च वाया गेला का? एका चुकीच्या गाडीच्या डाया टाकून कारखाना लावला आणि गाडी चालली नाही तर जे बुडतं त्यापुढे शोचा एक नग म्हणजे लग्नाच्या खर्चात पत्रिकेचा खर्च.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे जी युरोपच्या डिझायनरला समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. चार मीटर. 2006 च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 आणि डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला कर कमी, आणि आता सप्टेंबर 2025 नंतर त्या 18 टक्के जीएसटीत आणि मोठ्या 40 टक्क्यांत. म्हणून सगळ्यांची लांबी 3995 वर येऊन थांबते. टाटाची इंडिगो सीएस, मग मारुतीची 2012 ची डिझायर, डिकी कापून बसवलेल्या. कॉन्सेप्टला हा नियम नाही, ती पुढे-मागे दहा सेंटिमीटर मोकळी सोडते आणि तिथेच तिचं रूप असतं, नाक जरा पुढे, पाठ जरा निमुळती. तीच गाडी करात बसवायची म्हटलं की आम्हाला पहिलं सांगणं यायचं, पुढून चाळीस काढा, मागून साठ काढा. मिलिमीटर, पण चेहऱ्यावरून चाळीस मिलिमीटर म्हणजे नाक कापल्यासारखंच आहे. मी स्वतः मागचा बंपर खरवडून सपाट केलाय आणि शेजारी उभा डिझायनर पाणी प्यायला निघून गेला होता.

आणि मग आपलं ऊन. काचेचं छप्पर युरोपात भारी, तिकडे सूर्य दिसला की सुट्टी. भुसावळला मे महिन्यात 45 डिग्रीला ती गाडी रेल्वे स्टेशनबाहेर दोन तास उभी कर आणि मग बस जाऊन आत. हल्ली काचेला उष्णता अडवणारे थर देतात, फरक पडतो, तरी मी घेताना पत्र्याचंच छप्पर घेईन. आत बुडालेल्या हँडलमध्ये आपल्याकडची काळी धूळ आणि पहिल्या पावसाचा चिखल बसला की काय होतं ते यावल-रावेरच्या केळीच्या बागेतून गाडी काढणाऱ्याला विचार. नानांना मी एकदा कौतुकाने एका कॉन्सेप्टचा फोटो दाखवला होता, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दखाले भारी शे रे, पन दोन पोता शेंगा कोठे टाकशी?" स्टुडिओतल्या मीटिंगमध्ये कुणीतरी हा प्रश्न लवकर विचारला असता तर दोन-तीन गाड्या वाचल्या असत्या असं मला आजही वाटतं.

पण लोकांच्या मनातलं नुसतं फोटोवरून कळत नाही हेही खरं. टाटाची सिएरा घे. मूळ गाडी 1991 ची, मागे छपरापर्यंत वाकलेली ती मोठी काच, आमच्या पिढीच्या डोक्यात तीच बसलेली. 2020 च्या एक्स्पोत त्या नावाची कॉन्सेप्ट ठेवली आणि स्टँडवर चाळिशी उलटलेले बापे पोरांना सांगत उभे, अरे आमच्या कलेक्टर साहेबांकडे होती. तिथे कंपनीला कळलं की नावात अजून जीव आहे. बाजारात गाडी यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं. तसंच ह्युंदाईचं, 2019 ला 45 नावाची कॉन्सेप्ट दाखवली, इटलीचा डिझायनर जुजारो याने केलेल्या 1974 च्या पोनी कूपे कॉन्सेप्टची आठवण काढून, आणि 2021 ला आयोनिक 5 आली. मधली पंचेचाळीस वर्षं ती पोनी कूपे नुसती फोटोत होती, मूळ गाडी हरवलेली. न विकलेली गाडी इतक्या वर्षांनी दुसऱ्या गाडीला चेहरा देऊन गेली.

तर फसवणूक कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, गाडी बनवलेलीच नसते, नुसती कंप्युटरवरची चित्रं असतात, ओल्या रस्त्यावर संध्याकाळची गाडी उभी, आणि बुकिंगचे पैसे मात्र खरे घेतात. नग उभा करायला लागला की निम्म्या थापा आपोआप गळतात, दार अडकतं, चाक घासतं, माणूस आत मावत नाही. चित्राला काहीच अडत नाही. आणि दोन, कॉन्सेप्टच्या स्टँडवर उभं राहून साहेब छातीठोक सांगतो की नव्वद टक्के अशीच येणार. हे नव्वद कशाचे टक्के ते त्याला विचारावं. दिव्यांचे असतील तर येतीलही, चाकांचे नाहीत.

शेवटचं, तू खाली हळूच विचारलंयस की मेकॅनिकलचं शिकून या कामात येता येतं का. येतं. डिझायनर व्हायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, मोबिलिटी अँड व्हेईकल डिझाइनचा कोर्स आहे, एनआयडीचा, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा, गांधीनगरला आहे, पहिल्याला सीड परीक्षा, दुसऱ्याला एनआयडीची स्वतःची वेगळी. मॉडेलर व्हायचं असेल तर डिग्रीपेक्षा हात बघतात. माझ्या मुलाखतीत साहेबांनी पोर्टफोलिओ बाजूला ठेवला, एक कांडी हातात दिली आणि म्हणाले अर्ध्या तासात काहीही कर. मी पोळ्याचा बैल केला, लहानपणी बोरी नदीच्या मातीचे करायचो तसा, खांद्यावर वशिंड आणि मान जरा वळवलेली. त्यांनी तो उचलून ट्यूबखाली धरला, पाठीवरची रेघ बघितली आणि विचारलं, सोमवारी येशील का.

सुट्टीला आलास की ये घरी, मेहरूण तलावाच्या बाजूलाच आहे. रेक-स्लिक दाखवतो. ओव्हन नाहीये, पण मे महिन्यात आलास तर लागणारही नाही.